पडण्याची किंमत

मोटारसायकल शर्यतींच्या जागतिक अजिंक्यपदाबद्दल एक तक्रार दर काही वर्षांनी नव्यानं कानावर येते. सर्वांत जास्त शर्यती जिंकणाऱ्याच्याच गळ्यात वर्षाअखेर माळ पडेल याची खात्री नसते, मग हे अजिंक्यपद तरी कसलं? तक्रार निराधार नाही. २०२४ साली इटलीच्या फ्रान्सेस्को बान्यायानं मोटोजीपी या सर्वांत वरच्या गटाच्या २० मुख्य शर्यतींपैकी ११ जिंकल्या. स्पेनच्या होर्हे मार्तिननं जिंकल्या जेमतेम ३. शनिवारच्या छोट्या स्प्रिंट शर्यतींत दोघं बरोबरीत होते, प्रत्येकी ७. तरी शेवटी मार्तिनचे ५०८ गुण झाले आणि बान्यायाचे ४९८. २०१६ साली असेनला महिंद्राच्या गाडीला ग्रां प्री शर्यतीतला पहिला विजय मिळवून देणारा तरुण हा बान्यायाच, त्यामुळे आपल्याकडच्या काही चाहत्यांना त्याची हार जरा जास्तच लागली असेल. पण माझं म्हणणं असं आहे की हा हिशेब योग्यच आहे. ज्या खेळात माणूस दोन चाकांवर ताशी तीनशे किलोमीटरच्या वेगानं जातो, त्या खेळात पडणं फुकट असता कामा नये. त्याची किंमत गुणतक्त्यातच दिसायला हवी.

यासाठी २००६ चा हंगाम तपासून पाहण्यासारखा आहे. व्हॅलेंतिनो रोसी तेव्हा सलग पाच अजिंक्यपदं जिंकून आला होता. समोर होता अमेरिकेतल्या केंटकीचा निकी हेडन, ज्याच्या नावावर या गटातली तोवर एकच जिंकलेली शर्यत होती. १७ शर्यतींच्या त्या हंगामात रोसीनं ५ जिंकल्या, हेडननं २. अजिंक्यपद हेडनचं, २५२ विरुद्ध २४७ गुणांनी. पहिल्या क्रमांकाला २५, दुसऱ्याला २०, तिसऱ्याला १६ आणि पुढे उतरत उतरत पंधराव्याला १ गुण, असा दर आहे. हेडननं १७ पैकी १६ शर्यतींत गुण घेतले आणि त्यातला त्याचा सर्वांत वाईट क्रमांक होता ब्रनोचा नववा. रोसीच्या खात्यात मात्र तीन शून्यं आहेत. शांघायला टायरनं दगा दिला, ले माँला आघाडीवर असताना गाडीनं मान टाकली, लागुना सेकाला पुन्हा यंत्रच आडवं आलं. त्याआधी हेरेझच्या सलामीच्या शर्यतीत पहिल्याच वळणावर तोनी एलियासच्या धक्क्यानं तो खाली गेला होता. तिथून उठून तो चौदावा आला आणि त्याला दोन गुण मिळाले. लागुना सेकानंतर तो हेडनच्या ५१ गुण मागे होता.

इथं पहिला आक्षेप येतो, आणि तो वजनदार आहे. रोसीची ही शून्यं त्याच्या चुकीची नव्हती, मग पडण्याची किंमत त्याच्याकडून का वसूल करायची? उत्तराचा एक भाग असा की हे अजिंक्यपद एकट्या स्वाराचं कधीच नव्हतं. गाडी, टायर आणि कारागीर यांची ती एकत्र परीक्षा असते, आणि चांगल्या गाडीमुळे मिळालेला विजय स्वाराच्या नावावर मांडताना कुणी कुरकुर करत नाही. दुसरा भाग असा की दैवानं हेडनलाही सोडलं नाही. शेवटून दुसरी शर्यत इश्तोरिलला होती. १२ गुणांची आघाडी घेऊन तिथं आलेल्या हेडनला त्याच्याच संघातल्या दानी पेद्रोसानं आत घुसण्याच्या नादात आपल्यासकट पाडलं. हेडनला शून्य मिळालं. त्याच दिवशी एलियासनं रोसीला ०.००२ सेकंदांनी मागे टाकलं. मोटोजीपीत एलियासचा हा एकमेव विजय. रोसीचे त्यात ५ गुण गेले. ते मिळाले असते तर अखेरीस दोघांचे २५२ झाले असते आणि बरोबरीत जास्त विजय पाहतात, म्हणून किताब रोसीकडे गेला असता. त्या मोसमात रोसीच्या नशिबी सुरुवातीला आणि शेवटाला एलियासच का यावा, याला उत्तर नाही.

तरीही व्हॅलेन्सियाच्या शेवटच्या शर्यतीला रोसी ८ गुणांनी पुढे होता, सर्वांत पुढच्या जागेवरून सुटणार होता, आणि यंत्रानं किंवा दुसऱ्या कुणी केलेलं नुकसान तोवर भरून निघालं होतं. सुरुवात बिघडली, तो मागे पडला आणि पाचव्या फेरीत घसरला. त्याला कुणी हात लावला नव्हता. उठून तो तेरावा आला. हेडन तिसरा आला. शर्यत जिंकली बदली स्वार म्हणून आलेल्या ट्रॉय बेलिसनं. नियमांनी रोसीला लुटलं असं म्हणणाऱ्यांनी एवढी एक दुपार आठवून पाहावी.

दुसरा आक्षेप हिशेबाच्या पद्धतीचा. काही वाईट निकाल वगळावेत आणि उरलेल्यांची बेरीज करावी, म्हणजे अपघाताचा डाग पुसला जाईल, असं सुचवलं जातं. २००६ ला प्रत्येकाचे सर्वांत वाईट दोन निकाल वगळून पाहा. रोसीची दोन शून्यं जातात आणि त्याचे २४७ तसेच राहतात, हेडनचं इश्तोरिलचं शून्य आणि ब्रनोचे ७ जातात आणि २४५ उरतात. निकाल फिरतो! पण ही युक्ती नवी नाही, जुन्या काळी ती नियमातच होती. १९४९ मध्ये, म्हणजे अजिंक्यपदाच्या पहिल्याच वर्षी, ५०० सीसी गटात ६ पैकी सर्वोत्तम ३ शर्यतीच धरत. नेल्लो पागानीचे एकूण ४० गुण होते, लेस्ली ग्रॅहमचे ३१. वगळावगळी झाल्यावर ग्रॅहम ३० आणि पागानी २९. विजय दोघांचे दोन-दोनच. न्याय झाला असं वाटत असेल तर त्यात एक खोच आहे. वगळायला निकाल शिल्लक आहे हे ठाऊक असलेल्या स्वाराला शेवटच्या फेरीत अशक्य जागेत गाडी घालायला कुणी रोखत नाही. आत घुसला तर विजय, पडला तर तो निकाल तसाही टाकायचाच होता. आणि पडताना तो एकटा पडतोच असं नाही, हे इश्तोरिलला हेडनला कळलं.

यावर कुणी म्हणेल, मग तुम्ही भित्र्यांना बक्षीस देता. २००६ चीच असेनची शर्यत पाहा. हाताचं हाड मोडलेलं असताना रोसी तिथं धावला आणि आठवा आला. ते ८ गुण नसते तर व्हॅलेन्सियाला दोघं २३६ वर समान आले असते. आठव्या जागेला किंमत होती म्हणूनच त्या वेदनेला अर्थ आला. फक्त विजय मोजले असते तर त्यानं त्या दिवशी घरी बसणं शहाणपणाचं ठरलं असतं.

सर्वांत अवघड उदाहरण १९९९ चं. १२५ सीसी गटात एमिलियो अल्झामोरा एकही शर्यत न जिंकता विश्वविजेता झाला, २२७ गुणांनी. ५ शर्यती जिंकलेला मार्को मेलांद्री २२६ वर थांबला. हे मलाही रुचत नाही. पण त्यातून सिद्ध होतं ते एवढंच की विजयाचा दर थोडा कमी आहे. पहिल्या क्रमांकाला २५ ऐवजी ३० द्या आणि दर हंगामाआधी जाहीर करा, म्हणजे स्वार त्याच हिशेबानं धावतील. जुन्या निकालांना तो लावू नये, कारण हेडनही तेव्हा वेगळा धावला असता. शून्याला मात्र शून्यच राहू द्यावं.