ओळखीच्या नावाने येणारा पाहुणा
(गणेशोत्सवातील व्याख्यानाचा मजकूर)

आरती झालेली, प्रसाद अजून व्हायचा, आणि मध्ये संगणकावर व्याख्यान. हे अवघड काम आहे याची मला कल्पना आहे, म्हणून बेताचेच बोलतो.

आपल्या लालबागमध्ये असे घर विरळाच, ज्यातले कोणी पुण्याला, इंदूरला किंवा सातासमुद्रापार नाही. घरातला संगणक बहुधा त्यांचाच जुना लॅपटॉप असतो. त्यावर नातवंडांचे फोटो असतात, पेन्शनचे कागद असतात, कुणाचा पॉवरलूमचा हिशेब असतो. आणि ई-मेल असते.

व्हायरस म्हटले की कोणी तरी कुलूप तोडून आत शिरतो असे आपल्याला वाटते. घरच्या संगणकाचे बहुतेक वेळा तसे होत नाही. दार आपणच उघडतो, कारण बाहेरून हाक आलेली असते ती ओळखीच्या आवाजात.

याचे सर्वांत गाजलेले उदाहरण बरेच जुने आहे. ४ मे २००० रोजी फिलिपीन्समधून एक ई-मेल निघाली. विषय होता ‘आय लव्ह यू’ आणि सोबत प्रेमपत्र म्हणून एक फाइल. तिच्या नावाच्या शेवटी ‘डॉट टीएक्सटी’ दिसे, म्हणजे साधा मजकूर. खरे नाव त्यापुढेही होते, ‘डॉट व्हीबीएस’, म्हणजे चालू होणारा प्रोग्रॅम. पण नावाचे हे शेवटचे शेपूट विंडोज आपणहून लपवून ठेवत असे. फाइल उघडली की तो प्रोग्रॅम फोटोंच्या फाइली खराब करी, आणि त्या माणसाच्या पत्त्यांच्या वहीतल्या सगळ्यांना त्याच्याच नावाने तेच प्रेमपत्र पाठवी. ब्रिटनच्या संसदेला त्या दिवशी आपली ई-मेल बंद ठेवावी लागली. अनोळखी माणसाचे प्रेमपत्र किती जणांनी उघडले असते? हे तर साहेबांकडून, मेहुण्याकडून, शेजारच्या टेबलावरच्या बाईंकडून आले होते! तपास मनिलातल्या ओनेल द गुझमान या तरुणापर्यंत पोहोचला, पण तेव्हा त्या देशात अशा गुन्ह्यासाठी कायदाच नव्हता. तो सुटला. आपल्याकडचा माहिती तंत्रज्ञान कायदाही त्याच वर्षीचा.

ते शेपूट विंडोज आजही लपवते, याचे मला राहून राहून नवल वाटते. फाइल एक्स्प्लोरर उघडा, वर ‘व्ह्यू’ आहे, त्यात ‘फाइल नेम एक्स्टेन्शन्स’ आहे, तिथे खूण करा. विंडोज ११ असेल तर ‘व्ह्यू’मधल्या ‘शो’खाली ते सापडेल. मग फाइलचे पूर्ण नाव दिसू लागेल. बिल, फोटो किंवा पत्रिका म्हणून आलेल्या फाइलचा शेवट ‘ईएक्सई’, ‘व्हीबीएस’, ‘जेएस’ किंवा ‘एससीआर’ असा असेल, तर ते बिल नव्हे आणि पत्रिकाही नव्हे. फोनवर लग्नपत्रिका म्हणून ‘एपीके’ फाइल येते, ती याच कुळातली.

आपला कुंडी भंडारा डोळ्यांसमोर आणा. १६१५ साली खानखानाच्या काळात तो बांधला गेला. सातपुड्यातून झिरपणारे पाणी जमिनीखालून एका कुंडीतून दुसरीत असे गावापर्यंत येते. नदीच्या पाण्यात शत्रूने विष कालवले तर काय, या धास्तीने ही सोय केली असे सांगतात. पण आत सगळ्या कुंड्या एकमेकींना जोडलेल्या. एकीत घाण पडली तर ती पुढे जाणारच. तुमच्या ई-मेलची पत्त्यांची वही तशीच आहे. माझ्या संगणकावर आहे काय, बिघडला तर बिघडला, असे पुष्कळ जण म्हणतात. त्या संगणकावर तुमच्या सुनेचा पत्ता आहे, बँकेतल्या मित्राचा आहे, या मंडळाच्या खजिनदारांचाही आहे.

आपल्या गावातल्याच एका कारखानदार कुटुंबाचे सांगतो, नाव अर्थातच सांगत नाही. मार्च महिना, जीएसटीची घाई. ‘थकीत बिल सोबत जोडले आहे’ अशी ई-मेल आली. नाव नेहमीच्या सूत-व्यापाऱ्याचे. मुलाने फाइल उघडली, काहीच दिसले नाही, म्हणून बंद केली. संध्याकाळपर्यंत संगणकावरच्या सगळ्या फाइलींना कुलूप लागले होते, आणि किल्लीसाठी पैसे मागणारी चिठ्ठी पडद्यावर होती. हिशेब त्यांनी कागदांवरून पुन्हा उभा केला, तीन आठवडे लागले. पण वडील गेल्यानंतर त्यांचे सगळे फोटो त्याच संगणकावर एकत्र करून ठेवले होते, दुसरी प्रत कुठेच नव्हती. ते गेले ते गेलेच. पैसे भरून किल्ली मिळतेच असे नाही, हेही लक्षात असू द्या.

म्हणून पहिले काम प्रतीचे. बाहेरून जोडायची एक हार्ड डिस्क घ्या, महिन्यातून एकदा फोटो आणि कागद तिच्यावर उतरवा आणि डिस्क काढून कपाटात ठेवा. काढून ठेवणे महत्त्वाचे. जोडलेली राहिली तर तिलाही कुलूप लागते.

अँटिव्हायरसबद्दल हमखास विचारतात. या क्षेत्रात मराठी माणसाचे काम मोठे आहे. सातारा जिल्ह्यातले कैलास काटकर पुण्यात कॅल्क्युलेटर दुरुस्त करीत, धाकटे बंधू संजय संगणकशास्त्र शिकत होते. दुकानात येणाऱ्या व्हायरस लागलेल्या संगणकांवर संजय यांनी उपाय लिहायला घेतला आणि त्यातून १९९० च्या दशकात ‘क्विक हील’ उभे राहिले. आज विंडोजमध्ये डिफेंडर फुकटच मिळतो आणि घराला तो पुरतो, चालू ठेवला तर! आपल्याकडे दुकानातला मुलगा क्रॅक केलेले सॉफ्टवेअर टाकून देतो, आणि ते टाकताना आधी अँटिव्हायरस बंद करतो. पहारेकऱ्याला सुट्टी देऊन चोरीचा माल घरात घेण्याचा हा प्रकार मला अजिबात पटत नाही. शिवाय अगदी नव्या व्हायरसची ओळख पटायला कोणत्याही अँटिव्हायरसला थोडा वेळ लागतो, त्यामुळे सगळा भार त्याच्यावर टाकता येत नाही.

विंडोज १० वापरणाऱ्यांसाठी एक तारीख: १४ ऑक्टोबर २०२५. त्यानंतर त्याच्या नेहमीच्या सुरक्षा-दुरुस्त्या बंद झाल्या. नोंदणी करणाऱ्यांना त्यापुढे आणखी एक वर्ष देण्यात आले. मुलांना आजच फोन करून विचारा.

खरी अडचण मात्र वेगळीच आहे, ती म्हणजे आपला संकोच. काकांनी काही पाठवले आणि उघडले नाही तर त्यांना काय वाटेल? ‘तुम्हीच पाठवले ना?’ असे कसे विचारायचे? विचारा. फोन उचला आणि विचारा. ई-मेलला उत्तर देऊन विचारू नका, कारण खाते दुसऱ्याच्या हातात गेले असेल तर ‘हो, मीच’ असे उत्तरही तोच देईल. आणि काकांनीही असा फोन आला तर रागावू नये. त्यांच्या नावाने काही फिरते आहे हे त्यांना कळण्याचा तो बहुधा पहिलाच मार्ग असतो.

उघडू नये ते उघडले गेलेच, तर आधी इंटरनेट तोडा. पासवर्ड बदला, पण दुसऱ्या संगणकावरून किंवा फोनवरून. वहीतल्या लोकांना फोनवर कळवा. पैसे गेले असतील तर बँकेला आणि १९३० या क्रमांकावर लगेच कळवा, उद्यावर टाकू नका. लाजेपोटी चार दिवस गप्प बसलेली माणसे मी पाहिली आहेत.

उद्या सकाळी १० ते १२ मी मंडपामागच्या खोलीत बसणार आहे. फाइलचे पूर्ण नाव दिसायची सोय आणि प्रत काढणे, एवढे प्रत्येकाच्या लॅपटॉपवर करून देईन. चार्जर आणायला विसरू नका, तिथे एकच बोर्ड आहे.