भाकरीचा गाडा आणि बघणारी माणसं

(महासंघाच्या वार्षिक सभेत एका सदस्य ताईंनी केलेलं भाषण. बोलल्या तसंच ठेवलं आहे.)



मला व्यवसायावर बोलायला सांगितलंय. पण मघाशी चहाच्या वेळी चार जणींनी एकच विचारलं, "तो गाडा चालवताना लाज नाही वाटत का हो?" म्हणून तेच सांगते. भाकरी तुम्हाला माझ्यापेक्षा चांगली येते.

माझा गाडा म्हणजे तीनचाकी सायकल. पुढं एक चाक, मागं दोन, आणि मागच्या चाकांवर फळ्या ठोकलेल्या. भंगारवाले, पाण्याचे जार पोचवणारे चालवतात ना, तीच. गडीमाणूस चालवतो तेव्हा कुणी मान वळवून बघत नाही. त्याच सायकलवर साडीतली बाई बसली की रस्त्याला जत्रा भरते.

घेतली का, ते आधी सांगते. आमचा गट कडक भाकरी आणि शेंगाचटणी करतो. तालुक्याचा बाजार ६ किलोमीटर. कडक भाकरी हलकी, पण जागा फार खाते, आणि जरा धक्का लागला की तुकडे. वडापवाला जाताना माझे २० आणि दोन खोक्यांचे ४० घ्यायचा, येताना परत २०. खेपेला ८० रुपये, आठवड्याच्या चार खेपांचे ३२०. वर खोकी टपावर फेकायचा, त्यात फुटलेल्या भाकरी वेगळ्याच.

मी गटात ९ हजारांचं अंतर्गत कर्ज मागितलं, जुन्या तीनचाकीसाठी. दोघी नको म्हणाल्या. पैसे बुडतील म्हणून नाही, गावात गटाचं हसं होईल म्हणून. आमच्यातल्या सगळ्यात म्हाताऱ्या मावशी म्हणाल्या, "हसण्याला व्याज लागतं का? लिहा ठराव." झाला ठराव.

आता गंमत ऐका. मला साधी सायकल येत होती. वाटलं, ही तर सोपी, तीन चाकं, पडायचं भ्या नाही. पहिल्याच दिवशी शाळेच्या कुंपणात घातली! दोन चाकांची सायकल वळणावर आपल्याबरोबर कलते. ही कलत नाही. आपण कलतो, ती सरळच जाते. हँडल ओढूनच वळवावं लागतं. रस्त्याला उतार असेल तिकडं ती आपोआप ओढ घेते.

हे मला शिकवलं कुणी? आमच्या गावात एक दादा आहेत, पाय अधू आहेत, हातानं फिरवायची तीनचाकी चालवतात. ते म्हणाले, "वहिनी, वळणाच्या आधी वेग मारायचा आणि अंग वळणाच्या आतल्या बाजूला टाकायचं. वळणात शिरल्यावर नाही, आधी." इतकी वर्षं ते समोरून जात होते, पण त्यांना गाडीबद्दल काही विचारावं असं कुणालाच सुचलं नव्हतं. लोक त्यांच्याशी बोलतसुद्धा नाहीत, गाडी ढकलणाऱ्याशी बोलतात. हे त्यांनीच सांगितलं. मीही त्यातलीच होते.

पहिल्या खेपेला पोरं ओरडत मागं पळाली. पारावरची मंडळी बोलता बोलता गप झाली. एक म्हणाला, "काय वहिनी, भंगार घेताय का?" ते चालतं. वाईट वाटलं ते दोन मोटरसायकलवाल्या पोरांचं. गाडी शेजारी आणून हसत व्हिडिओ काढत राहिली, चांगला अर्धा किलोमीटर. रडू आलं होतं, खोटं कशाला सांगू. पण ओढ्याच्या कडेला वैरणीचा भारा घेऊन एक बाई उभी होती. तिनं मला नाही बघितलं, गाडा बघितला. म्हणाली, "किती वजन बसतं गं यात?" तेवढाच एक प्रश्न कामाचा होता, आणि तो बाईनं विचारला.

घरात माझी मुलगी नववीत. म्हणाली, आई, शाळेच्या गेटावरून नको ना जाऊ. मी अजूनही अलीकडच्या गल्लीनं जाते. तिचं बरोबर की चूक, मला ठरवता आलेलं नाही.

प्रशिक्षणात ताईंनी तामिळनाडूच्या पुदुक्कोट्टईची गोष्ट सांगितली होती. १९९१-९२ साली तिथं साक्षरतेच्या मोहिमेबरोबर बायकांना सायकल शिकवली. शेतमजूर, दगडखाणीतल्या, अंगणवाडीच्या, सगळ्या. शीला राणी चुंकत तिथल्या कलेक्टर होत्या, त्यांनी बँकांना सायकलसाठी कर्ज द्यायला लावलं. एक लाखाहून जास्त बायका शिकल्या. लेडीज सायकली पुरेनात, मग पुरुषांची दांडीवाली घेतली. कित्येकींना तीच आवडली, कारण दांडीवर लेकरू बसवता येतं! घाण बोलणारे तिथंही होते. १९९२च्या महिलादिनी दीड हजारांवर बायका एकदम सायकलवर निघाल्या. मला वाटतं, इतक्या जणी असल्यावर बघणारा तरी कुणाकुणाकडं बघणार? माझी अडचण हीच, की मी एकटी होते.

मग पोरीनंच मोबाईलवर वाचून दाखवलं. अमेरिकेत बोस्टनची ॲनी म्हणून एक बाई, तीन लेकरांची आई, १८९४ साली सायकलवर जग फिरायला निघाली. समुद्र अर्थात बोटीनं. वाटेत बायकांची १९ किलोची सायकल सोडून पुरुषांची, निम्म्या वजनाची घेतली. लोक बघायला गर्दी करायचे. तिनं काय केलं, सायकलवर आणि अंगावर जाहिराती लावल्या, पैसे घेऊन! लंडनडेरी नावाच्या पाण्याच्या कंपनीनं १०० डॉलर दिले, तर बाईनं स्वतःचं आडनावच लंडनडेरी लावलं.

मी म्हटलं, अगं, आपल्याकडं रोज इतके लोक फुकट बघतात आणि आपल्या गाड्यावर साधी पाटी नाही! दुसऱ्या दिवशी रंगवून घेतली. गटाचं नाव, कडक भाकरी, शेंगाचटणी, फोन नंबर. मागं आणि दोन्ही बाजूंना. त्या पोरांच्या व्हिडिओत ही पाटी असती तर, असं अजून वाटतं मला. पाटीनंतर तीन आठवड्यांनी एका आचाऱ्याचा फोन आला, लग्नासाठी ३०० भाकरी.

सगळं गोड झालं असं नाही. पावसाळ्यात पुलाच्या वळणावर दादांचं सांगणं विसरले आणि गाडा कलंडला. भाकरीचा चुरा. चहाच्या टपरीवरचे हसले. पण त्यातलेच दोघं उठून आले, गाडा उभा करून दिला. त्या दिवशीचं नुकसान मी माझ्या हिश्श्यातून भरलं. महिन्याला ७५० मुद्दल आणि वर व्याज, असे बारा हप्ते संपलेत. वडापचे वाचलेले पैसेच हप्त्याला पुरले.

आता तीन गावांच्या गटांनी गाड्याबद्दल विचारलंय. जुनी घेणार असाल तर मागचा कणा वाकलेला नाही ना ते बघा, ब्रेक माल भरून तपासा, रिकाम्या गाडीला सगळेच ब्रेक लागतात. चेनला कव्हर बसवून घ्या, माझ्या दोन साड्या गेल्यात. आमच्याकडं मंगळवारी बाजार नसतो, गाडा सकाळी साडेसहाला शाळेच्या मैदानावर रिकामा उभा असतो. ज्यांना शिकायचंय त्यांनी या. पदराला दोन पिना लावून या, आणि कुंपणाच्या बाजूनं सुरुवात करू नका.