परक्याचें बिऱ्हाड आणि घरमालकाची सही

परक्या मुलखांत बिऱ्हाड थाटणाऱ्या माणसास तेथील भाषेच्याही आधीं तारखेचें महत्त्व शिकावें लागतें.

फाळणीनंतर सिंधमधून आलेलीं कित्येक कुटुंबें आपल्या पिंपरीच्या छावणींत वसलीं. पाकिस्तानांतून आलेल्यांसाठीं राज्यघटनेच्या सहाव्या अनुच्छेदानें १९ जुलै १९४८ ही मर्यादा घातली. त्यापूर्वीं येऊन येथेंच राहिलेला निर्वासित नागरिक मानला गेला. त्या दिवशीं वा त्यानंतर आलेल्यास मात्र निदान सहा महिने येथें राहून, घटना अमलांत येण्यापूर्वीं अर्ज करून, नांव नोंदवावें लागलें. दोघे सख्खे भाऊ आठ दिवसांच्या अंतरानें आले असते, तर एक नागरिक व दुसरा अर्जदार ठरला असता!

आज त्याच टापूंत, चाकणच्या मोटार-कारखान्यांसाठीं, परदेशी अभियंते येतात. १८० दिवसांहून अधिक मुदतीच्या व्हिसावर आलेल्यास सामान्यतः १४ दिवसांच्या आंत नोंदणी करावी लागते, आणि तीसाठीं राहत्या जागेचा पुरावा लागतो. तो घरमालकावांचून कोण देणार? शिवाय परदेशी मनुष्य घरीं उतरल्यापासून २४ तासांच्या आंत सरकारास कळविणें, हें घरमालकाचेंही कायदेशीर कर्तव्य आहे.

तथापि कित्येक सद्गृहस्थ भाडें आगाऊ घेतात आणि करारपत्राचें नांव निघतांच ‘पुढें पाहूं’ म्हणतात. इकडे त्या परक्याचे मोजके दिवस सरत असतात. यास्तव घराची किल्ली देतांनाच करारपत्रही त्याच्या हातीं द्यावें, एवढीच आपणांस विनंती.