तलवार खाली, मुठी वर



विषय पत्रिकेवर भारदस्त छापला आहे: ‘इंग्रजी क्रियापदांचा वापर’. पण तासाभरात शंभर क्रियापदांची यादी वाचून दाखवली तर निम्मे लोक चहाला उठतील आणि उरलेले झोपतील. तेव्हा मी एकच घेऊन बसणार आहे. ‘पुट अप’.

‘पुट’ म्हणजे ठेवणे आणि ‘अप’ म्हणजे वर, हे पाचवीच्या मुलालाही येतं. दोन्ही शब्द येतात, पण जोडी कळत नाही, ही खरी पंचाईत. ती फक्त आपलीच आहे असं समजू नका. डॉ. जॉन्सन यांनी 1755 साली आपला कोश काढला, तेव्हाच प्रस्तावनेत लिहून ठेवलं की क्रियापदाला असा छोटा शब्द चिकटवून अर्थ पालटण्याची इंग्रजीची खोड परक्या माणसाला सगळ्यात जड जाते. या जोड्यांना ‘फ्रेजल व्हर्ब’ हे नाव मात्र फार उशिरा रूढ झालं. लोगन पिअरसॉल स्मिथ यांनी 1925 च्या आपल्या पुस्तकात ते वापरलं आणि श्रेय ऑक्सफर्ड कोशाचे संपादक हेन्री ब्रॅडली यांना दिलं. याच कोशाची नवी आवृत्ती तयार होत असताना 2007 मध्ये सर्वांत लांब नोंदीचा मान ‘पुट’कडे गेला. चार वर्षांनी ‘रन’ने तो हिसकावला, ती गोष्ट वेगळी.

आता गंमत बघा. शेक्सपिअरच्या ‘रोमिओ अँड ज्युलिएट’च्या पहिल्याच प्रवेशात दोन घराण्यांचे नोकर भर रस्त्यात तलवारी उपसतात. बेन्व्होलिओ मध्ये पडतो आणि त्यांना तलवारी ‘पुट अप’ करायला सांगतो. आपला विद्यार्थी वाचतो आणि बुचकळ्यात पडतो. भांडण सोडवायला आलेला माणूस ‘तलवारी वर करा’ कसं म्हणेल? तर तिथे अर्थ आहे ‘म्यान करा’. 1611 च्या इंग्रजी बायबलमध्ये येशू पीटरला तलवारीबद्दल हेच सांगतो, तेही याच शब्दांत. काढलेली वस्तू जागच्या जागी नीट ठेवून देणे, हा ‘पुट अप’चा जुना अर्थ. अमेरिकेच्या दक्षिण भागात आजही धुतलेली भांडी ‘पुट अप’ करतात, म्हणजे मांडणीवर लावून ठेवतात. फळं आणि लोणची बरण्यांत भरून हिवाळ्याची बेगमी करणं, हेही तिथलं ‘पुट अप’च.

आणि तलवारीच्या जागी मूठ घाला. मुष्टियुद्धाला उभा राहिलेला माणूस समोरच्याला मुठी ‘पुट अप’ करायला सांगतो, तेव्हा मुठी वर येतात आणि मारामारी सुरू होते. शब्द तेच. एकीकडे त्यांनी भांडण मिटतं, दुसरीकडे पेटतं. अर्थ ना ‘पुट’मध्ये होता ना ‘अप’मध्ये, हातात काय आहे, यावर तो ठरला.

हे एकदा ध्यानात आलं की बाकीचं भराभर उलगडतं. तंबू ‘पुट अप’ केला: उभारला. भाव ‘पुट अप’ केले: चढवले. घर विक्रीसाठी ‘पुट अप’ केलं: विकायला काढलं. धंद्यासाठी पैसे ‘पुट अप’ केले: घातले. हरणाऱ्या संघाने ‘फाइट पुट अप’ केली: कडवी झुंज दिली. शिकारी कुत्र्याने झुडपातून पाखरं ‘पुट अप’ केली: उठवली. व्हिक्टोरियन काळात मुलगी सतरा-अठरा वर्षांची झाली की मोकळे केस ‘पुट अप’ करी, म्हणजे वर बांधून आंबाडा घाली, आणि घरात न बोलता कळे की ही आता लग्नाची झाली. त्या काळच्या कादंबरीत हे दोन शब्द आले तर तिथे केशरचनेपेक्षा बरंच काही घडलेलं असतं. मागे ‘टू’ लागला की काम काळं होतं: कुणी कुणाला फूस लावली. ‘पुट-अप जॉब’ म्हणजे आधीच ठरवून केलेला बनाव.

पाहुण्याचं उदाहरण मला फार आवडतं. इंग्रज पाहुण्याला ‘पुट अप’ करतो. आपण त्याला उतरवून घेतो. तिकडे पाहुणा चढतो, इकडे उतरतो, आणि झोपतो मात्र दोन्हीकडे गादीवरच. इंग्लंडात घोडागाडीच्या काळात प्रवासी सराईत ‘पुट अप’ होत, म्हणजे रात्रीपुरता मुक्काम करीत. तो मुक्काम आपल्याकडे आला आणि कायमचा झाला. ‘व्हेअर डू यू पुट अप?’ असं आपल्याकडचा जुना माणूस विचारतो, तेव्हा त्याला तुमचं लॉज नको असतं, राहतं घर कुठे ते हवं असतं.

आणि आपल्या कचेऱ्या! मंत्रालयापासून तालुक्यापर्यंत, शिवाय बँकांतही, ‘फाईल पुट अप केली का?’ हे वाक्य दिवसभर ऐकू येतं. कारकून टिप्पणी लिहितो, ती कक्ष अधिकाऱ्याकडे जाते, तिथून अवर सचिव, मग उपसचिव. कागद खरोखरच पायरी पायरीने वर चढतो. छापील मराठीत याला ‘सादर करणे’ असा स्वच्छ शब्द आहे, पण तोंडी ‘पुट अप’च चालतं. लंडनच्या माणसाला कुणी असं सांगितलं तर तो फाईल फळीवर ठेवून मोकळा व्हायचा. काही विद्वान याला चुकीचं इंग्रजी म्हणतात. मला ते पटत नाही. ज्या कचेरीत शिपायापासून साहेबापर्यंत सगळ्यांना एकच अर्थ कळतो, तिथे तो अर्थ बरोबरच आहे.

जे. आर. फर्थ नावाचे इंग्रज भाषाशास्त्रज्ञ 1920 च्या दशकात लाहोरला पंजाब विद्यापीठात इंग्रजी शिकवत होते. शब्द ओळखायचा तो त्याच्या संगतीवरून, हे त्यांचं मत पुढे जगभर गाजलं. आपल्याला ते नव्याने शिकायला नको. अंगात येणं, अंगावर येणं, अंगाशी येणं: अंग एकच, येणंही एकच. एकात देवी येते, दुसऱ्यात बैल येतो आणि तिसऱ्यात आपलंच शहाणपण येतं. एवढासा प्रत्यय बदलतो आणि मराठी मूल कुठेही अडखळत नाही. कारण त्याने हे पाठ केलेलं नसतं. कुणाच्या तरी अंगाशी आलेलं त्याने पाहिलेलं असतं. गाईडातल्या याद्यांवर माझा राग आहे तो यासाठी. ‘पुट अप: उभारणे, सोसणे, राहणे’ अशी ओळ पाठ करणाऱ्याला तंबू सोसायचा की काका उभारायचा, हेच कळत नाही.

वापराचा एक बारकावा मात्र सांगायला हवा. तंबू ‘पुट अप’च्या पुढेही चालतो आणि मधेही. पण ‘इट’ आला की त्याला मधेच बसावं लागतं: ‘पुट इट अप’. ‘पुट अप इट’ म्हटलं की परका माणूस ओळखू येतो. सोसण्याच्या अर्थाचं ‘पुट अप विथ’ मात्र तिघांचं एकत्र कुटुंब आहे, मधे कुणाला शिरू देत नाही. वाक्याच्या शेवटी शब्दयोगी अव्यय नको, या पंडिती नियमाची खिल्ली उडवताना हेच त्रिकूट उलटंपालटं करून केलेला एक विनोद चर्चिलच्या नावावर सर्रास खपवला जातो. तो त्यांनीच केला याला भक्कम पुरावा नाही, पण विनोदाला मोठं नाव लागलं की तो टिकतो.

शेवटी एक वाक्य देतो, घरी जाताना सोडवा. ‘ही पुट अप विथ हिज अंकल.’ याचा अर्थ ‘तो काकांकडे उतरला’ असाही होतो आणि ‘त्याने काकांना सोसलं’ असाही. बोलताना ‘अप’नंतर किंचित थांबलात तर मुक्काम, न थांबता ‘विथ’कडे गेलात तर सहनशक्ती. छापील वाक्यात ती थांबण्याची जागा दिसत नाही, म्हणून पुढचं वाक्य वाचावं लागतं. पुढे ‘सामान वरच्या खोलीत ठेवलं’ असं असेल तर मुक्काम. ‘आणि महिनाभर तोंडातून शब्द काढला नाही’ असं असेल, तर बहुधा दोन्ही.