ईथर, रॉकेल आणि एरंडेल

ग्वाल्हेरच्या लष्कर भागातील जयेंद्रगंजात एखादा मुलगा छोट्या विमानाचे एंजिन घेऊन गच्चीवर बसला आहे, असे समजू. माघातल्या सकाळी घरीच केलेल्या ज्या मिश्रणावर ते चार फटक्यांत सुरू होत असे, त्याच बाटलीतील उरलेल्या मिश्रणावर वैशाखात ते काही केल्या सुरू होत नाही. मुलगा दाबाचा स्क्रू पिळतो, सुईची झडप फिरवतो, पंख्याचे तडाखे बोटांवर घेतो आणि अखेर एंजिन बिघडले असे ठरवून ते खोलू लागतो. दोष बहुधा एंजिनात नसतो; तो बाटलीत असतो.

या एंजिनाला डिझेल म्हणतात खरे, परंतु मोटारीच्या डिझेल तेलावर ते चालत नाही. रुडॉल्फ डिझेलने 1897 साली आउग्सबुर्ग येथे यशस्वी केलेल्या यंत्रात आधी केवळ हवा दाबून तापविली जाई व मग तीत तेल फवारले जाई. सुपारीएवढ्या सिलिंडरात असा फवारा बसविणे महाकठीण. म्हणून 1940 नंतर स्वित्झर्लंडमधून पुढे आलेल्या या चिमुकल्या एंजिनांत हवा व इंधन एकत्रच आत येतात आणि दट्ट्याच्या दाबाने तापून पेट घेतात. तेथे ठिणगीही नाही आणि तापलेली तारही नाही. त्यामुळे सारी भिस्त इंधनावर.

त्या इंधनात तीन पदार्थ प्रमुख. ईथर अल्प उष्णतेने पेटते. ते केवळ काडी लावण्याचे काम करते. शक्ती येते ती रॉकेलातून. एरंडेल वंगण पुरविते व दट्ट्याभोवतीची बारीक फट बुजविते. नव्या एंजिनाला तिन्ही समभाग द्यावेत असा जुना प्रघात आहे. एंजिन रुळल्यावर तेल थोडे घटवून रॉकेल वाढवितात. शेकडा 1 ते 2 अमिल नायट्रेट घातल्यास वेगातली धडधड कमी होते. त्याहून अधिक घालण्याचा हव्यास मात्र नको.

आता ग्वाल्हेरच्या उन्हाळ्याकडे वळू. शुद्ध ईथर 34.6 अंश सेल्सियसला उकळते, आणि येथे मे महिन्यात पारा 45 च्या वर जातो. थंड देशांतल्या पुस्तकांतील कृती येथे जशीच्या तशी लागू पडत नाही, याचे कारण हेच. मिश्रणातले ईथर उकळत नसले, तरी बूच काढताच उडू लागते. 300 घनसेंटिमीटर समभाग मिश्रणातून 20 घनसेंटिमीटर ईथर गेले, की त्याचा वाटा शेकडा 33 वरून 29 च्या आत येतो. बाटली तर भरलेलीच दिसते!

ती ओळखण्याची एक खूण आहे. एरंडेल रॉकेलात सहजी विरघळत नाही. दोघांना एकजीव ठेवते ते ईथरच. म्हणून मिश्रण गढूळ झाले किंवा तळाशी दाट थर बसला, तर ईथर उडाले असे समजावे. मिसळतानाही क्रम हाच: आधी एरंडेलात ईथर, मग रॉकेल.

पण खरी भीती न सुरू होणाऱ्या एंजिनाची नव्हे. ईथरची वाफ हवेच्या सुमारे अडीचपट जड असते. ती वर जात नाही. जमिनीलगत सरपटत दूरच्या शेगडीपर्यंत पोहोचते आणि तेथून ज्वाला उलट बाटलीकडे धावते. म्हणून स्वयंपाकघराच्या आसपास हा उद्योग कदापि करू नये. शिवाय उघडलेले ईथर हवा व उजेड लागून फार दिवस राहिले, की त्यात स्फोटक द्रव्ये साठतात. तपकिरी काचेची बाटली त्यासाठीच असते. जुन्या, विसरलेल्या बाटलीचे बूच कोणी मुलाने पिळून पाहू नये. ते काम जाणत्या रसायनज्ञाचे.

तेव्हा जयेंद्रगंजातल्या त्या मुलाने एंजिन खोलणे थांबवावे. दुसऱ्या दिवशी ऊन चढण्यापूर्वी, मोकळ्या गच्चीवर, घरातल्या कोणा मोठ्याला जवळ बसवून, त्या सकाळपुरतेच 30 घनसेंटिमीटर मिश्रण करावे आणि प्रमाण वहीत टिपावे. दाबाचा स्क्रू त्याने कालपासून फार आत पिळून ठेवला आहे, तो आधी मागे घ्यावा. सिलिंडरात इंधन साचले असता तो तसाच राहिला, तर जोरकस फटक्याने आतला दांडा वाकतो. मग पंखा हलक्या हाताने फिरवून पाहावा आणि स्क्रू अर्ध्या-अर्ध्या फेऱ्याने आत आणीत जावा. पहिला फटकारा आला, की एंजिन धावू लागेल. ते तापून आवाज जड झाला, की स्क्रू पुन्हा किंचित सैल करावा.