पुरलेलें सोनें दुरून कळतें काय?

पायाळू माणसाच्या डोळ्यांत अंजन घातलें म्हणजे त्याला जमिनींत पुरलेलें धन दिसतें, ही समजूत महाराष्ट्रांत पिढ्यान्‌पिढ्या चालत आली. सुशिक्षित घरांत आज तिला कोणी थारा देत नाहीं. परंतु मुठींत धरलेली, पुढें सळई लावलेली एक पेटी मैलभर अंतरावरचें सोनें दाखविते, असें छापील पत्रकांत वाचलें म्हणजे पदवीधराचेंहि मन डळमळतें. कारण त्या पत्रकांत कंपनें, लहरी, रेणु असे भारदस्त शब्द असतात. अंजनाची जागा विजेनें घेतली, एवढाच फरक.

धातु शोधणारीं खरीं यंत्रें आहेत, हें प्रथम मान्य केलें पाहिजे. १८८१ सालच्या जुलै महिन्यांत अमेरिकेचे अध्यक्ष गारफील्ड यांच्यावर गोळी झाडण्यांत आली. शरीरांत रुतलेली ती गोळी डॉक्टरांना सांपडेना. तेव्हां टेलिफोनचे जनक अलेक्झांडर ग्रॅहम बेल यांनीं तारेच्या वेटोळ्यांचें एक यंत्र सिद्ध केलें. वेटोळ्यांत बदलता विद्युत्प्रवाह सोडला कीं जवळच्या धातूंतहि प्रवाह उत्पन्न होतो, आणि त्याचा परिणाम दुसऱ्या वेटोळ्यांत उमटून टेलिफोनांत आवाज येतो. प्रयोग फसला. बिछान्यांतील पोलादी तारांनीं घोटाळा केला. शिवाय मुख्य डॉक्टरांनीं उजवीच बाजू तपासूं दिली, आणि गोळी निघाली डावीकडे, तीहि १९ सप्टेंबर रोजीं अध्यक्ष वारल्यावर, शवविच्छेदनांत! तत्त्व मात्र खरें होतें. १९४२ सालीं एल् अलामेनच्या वाळवंटांत कोसात्स्की या पोलिश अधिकाऱ्यानें रचलेलीं अशींच यंत्रें सुरुंग शोधण्यास वापरलीं गेलीं. परंतु तीं शोधीत तें पायांपुढचें, मैलावरचें नव्हे.

याचें कारण साध्या गणितांत आहे. वेटोळ्यापासून दूर जावें तसा त्याचा चुंबकी प्रभाव अंतराच्या घनाच्या प्रमाणांत घटतो, आणि धातूकडून परत येणारा प्रभावहि तसाच घटतो. अंतर दुप्पट झालें तर जातांना आठवा हिस्सा उरतो, आणि परततांना त्याचाहि आठवा. म्हणजे हातीं लागतो तो चौसष्टावा हिस्सा. एका फुटावर कळणारें नाणें दहा फुटांवर नेलें तर उत्तर सुमारें दहा लाख पटींनीं क्षीण होतें. दहा हजार फुटांवर, म्हणजे दोन मैलांच्याहि आंत, हा भागाकार करण्यास एकावर चोवीस शून्यें मांडावीं लागतात. रेडिओ ऐकणाऱ्यांस हें सहज पटेल: अतिदूरचें केंद्र खरखरींत एकदां बुडालें, कीं आवाज वाढविल्यानें खरखरच वाढते.

लोखंडाची गोष्ट थोडी निराळी. समुद्रांतील पाणबुडीचें प्रचंड लोखंड पृथ्वीच्या चुंबकी क्षेत्रांत जो फरक पाडतें, तो विमानांतूनहि कांहींशें मीटरांवरून मोजतां येतो. पण सोन्याला असलें चुंबकत्व नाहीं. जमिनींत रेडिओ-लहरी सोडणारें रडारहि ओल्या चिकणमातींत जेमतेम मीटरभर पोंचतें.

मग सळई फिरते ती कशानें? सैल बसविलेली सळई मनगटाच्या अजाणत्या झुकावानेंहि वळते, आणि मनगट झुकतें तें धारकाच्या अपेक्षेप्रमाणें. तो लबाडच असतो असें नाहीं. बहुधा त्याची प्रामाणिक खात्री असते, आणि तीच अधिक घातक.

हा खेळ धनाच्या लोभापुरता राहता तर हंसून सोडतां आला असता. ए.डी.ई. ६५१ नांवाची अशीच पेटी बाँब व शस्त्रें एक किलोमीटरवरून ओळखते असें सांगून इराक सरकारला विकण्यांत आली, आणि बगदादच्या तपासणी-नाक्यांवर शिपाई तिच्या भरंवशावर मोटारी सोडूं लागले. २००९ सालच्या ऑगस्ट व ऑक्टोबर महिन्यांतील स्फोटांत त्या शहरांत दोनशेंहून अधिक माणसें मेलीं. तिच्याच जातीच्या जी.टी. २०० या पेटीची थायलंड सरकारनें २०१० सालीं वीस वेळां परीक्षा घेतली. उत्तर बरोबर आलें चार वेळां. ए.डी.ई. ६५१ विकणारा इंग्रज व्यापारी मॅकॉर्मिक यास २०१३ सालीं दहा वर्षांची शिक्षा झाली. गोल्फचे हरवलेले चेंडू शोधण्याच्या एका क्षुल्लक खेळण्यावरून त्यानें पेटी बनविली होती. तिच्यांत बॅटरीसुद्धां नव्हती.