हवेची भेसळ

मुख्याध्यापिका बाई, सर्व शिक्षक, पालक आणि मघाशी तारपा नाचून अजून धापा टाकत बसलेल्या मुलांनो,

पत्रिकेत माझ्या नावापुढे 'हिमनद्यांचे अभ्यासक' असं छापलंय. म्हणून आधीच कबूल करतो, आयुष्यातलं पहिलं काश्मीर मी पाहिलं ते इथलंच, आपलं 'छोटा काश्मीर' नावाचं उद्यान. तिथं बाग होती, तळं होतं, होड्या होत्या. बर्फ तेवढा नव्हता. तो शाळेच्या फाटकाबाहेर, गोळेवाल्याच्या गाडीवर, गोणपाटात गुंडाळलेला असायचा.

माझे वडील इथं डेअरीत दूध तपासायचे. दुधात लॅक्टोमीटर सोडायचा आणि तो किती बुडतो ते बघायचं. पाणी मिसळलं असेल तर जास्त बुडतो, लबाडी लगेच उघडी पडते. मी शिकलो-सवरलो, दक्षिण ध्रुवाकडे जाऊन आलो, आणि काम काय केलं? वडिलांचंच! ठरलेल्या मापाची नळी हिमात खुपसायची, भरून बाहेर काढायची, वजन करायचं. त्यांना पाणी शोधायचं असायचं, मला हवा.

तबेल्यातलं एक लिटरचं माप डोळ्यांपुढे आणा. पाण्यानं भरलं तर एक किलो. नुकतंच पडलेलं, वाऱ्यानं न दाबलेलं कोरडं हिम त्यात भरलं, तर वजन ५० ते १०० ग्रॅम. बाकी सगळी हवा. एवढी भेसळ करायची छाती कुठल्याही दूधवाल्याला झाली नसती.

ही हवा बाहेर जाते कशी, हे मला गोळेवाल्यानं दाखवलं होतं. तेव्हा कळलं नव्हतं, ती गोष्ट वेगळी. रंध्यावर किसलेला चुरा मोकळा असतो, फुंकर मारली तर उडेल. गोळेवाला तो काडीभोवती तळहातानं दाबतो आणि कण एकमेकांना धरून बसतात. डोंगरावर असा हात नसतो. तिथं दाबायला पुढच्या वर्षीचं हिम येतं, त्यावर त्याच्या पुढच्या वर्षीचं. पण दाब वाढायच्या आधीच एक गंमत सुरू झालेली असते. हिमाच्या पाकळीला नाजूक टोकं असतात ना, ती टिकत नाहीत. टोकांवरचं हिम न वितळताच वाफ होऊन उडतं आणि दोन कण जिथं टेकतात त्या खाचेत जाऊन बसतं. पाकळीचे दाणे होतात, दाण्यांमध्ये सांधे तयार होतात. लहान दाणे झिजतात, मोठे आणखी मोठे होतात.

एक उन्हाळा तगलेल्या अशा हिमाला 'फर्न' म्हणतात. आल्प्सच्या डोंगरातल्या जर्मन बोलीतला शब्द. मूळ अर्थ 'गेल्या सालचं'. माझी आजी जुन्या तांदळाला ज्या सुरात 'गेल्या सालचा' म्हणायची, तोच सूर मला त्यात ऐकू येतो. लिटरच्या मापात हे फर्न ४०० ग्रॅमच्या वर भरतं. पण दाण्यांमधून हवेची ये-जा अजून चालूच असते. माप ८३० ग्रॅमच्या आसपास पोचलं की वाटा बंद होतात, उरलेली हवा बुडबुड्यांत कोंडली जाते. तिथून पुढे त्याला हिमनदीचा बर्फ म्हणायचं. खाली कितीही दाबा, मजल फार तर ९१७ ग्रॅमपर्यंत.

याला किती वेळ लागतो? हिमालयात उन्हाळ्यात वितळलेलं पाणी आत झिरपून पुन्हा गोठतं, त्यामुळे काम काही वर्षांत, फार तर काही दशकांत उरकतं. अंटार्क्टिकाच्या आत, व्होस्तोक ठाण्यावर बर्फ पडतोच चिमूटभर, वितळणं नाहीच. तिथं दोन-अडीच हजार वर्षं लागतात.

हिम नुसतं साचत राहिलं की काय होतं, ते आपल्या देशानंही अनुभवलंय. १९८३-८४ च्या तिसऱ्या मोहिमेत 'दक्षिण गंगोत्री' हे भारताचं अंटार्क्टिकावरचं पहिलं ठाणं उभं राहिलं. नागपुरात जन्मलेल्या अदिती पंत त्या मोहिमेत होत्या. त्या आणि सुदीप्ता सेनगुप्ता या भारतीय मोहिमेतून तिथं पोचलेल्या पहिल्या स्त्रिया. ठाणं बर्फाच्या थरावर बांधलेलं. काही वर्षांतच ते हिमाखाली गाडलं गेलं आणि सोडून द्यावं लागलं. पुढचं 'मैत्री' मग शहाण्यासारखं खडकाळ जमिनीवर बांधलं.

आता त्या कोंडलेल्या हवेकडे येतो, कारण माझी रोजीरोटी तिच्यावर चालली. गोव्यात वास्कोला राष्ट्रीय ध्रुवीय आणि महासागर संशोधन केंद्र आहे. बाहेर माडाच्या झाडाखाली घामाच्या धारा, आणि आत गोठणबिंदूच्या कितीतरी खाली ठेवलेल्या खोलीत अंटार्क्टिकातून आणलेल्या बर्फाच्या लांबच लांब कांड्या. युरोपीय संशोधकांनी अंटार्क्टिकावरच्या 'डोम सी'वर तीन किलोमीटरहून खोल जाऊन आठ लाख वर्षांपूर्वीचा बर्फ वर काढला. त्या बुडबुड्यांनी सांगितलं, की या सगळ्या काळात हवेतला कार्बन डायऑक्साइड दहा लाखांत साधारण ३०० भागांच्या वर कधी गेला नाही. आज तो ४२० च्या वर आहे. वडिलांना हे सांगितलं तेव्हा ते म्हणाले, "म्हणजे तुमच्याकडे भेसळच कामाची!" आम्ही लोक याच वाक्याला चाळीस पानांचा शोधनिबंध म्हणतो.

एकदा मैत्रीवर मी हिमनदीच्या बर्फाचा खडा पेल्यातल्या पाण्यात टाकून कानाशी धरला. वितळताना बुडबुडे फुटत होते, चट्... चट्... एकेका आवाजासरशी शेकडो वर्षं कोंडलेली हवा मोकळी होत होती. गोळ्याचा बर्फ असा बोलत नाही, मी लहानपणी पुष्कळ कान लावून पाहिलंय. फक्त कान लाल झाला, काला खट्ट्यानं.

बाई घड्याळाकडे बघतायत. चला, बक्षिसं घ्यायला या.